डीएनएस बदलते तेव्हा मेल सर्व्हर

मेल सर्व्हरइतका डीएनएसवर, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचे पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेवर, विसंबलेला दुसरा प्रोग्राम शोधून सापडायचा नाही. ब्राउझरला एखादे पान उघडायचे असते तेव्हा तो नावाचा आयपी पत्ता विचारतो आणि मोकळा होतो. मेल सर्व्हरला एवढ्यावर भागत नाही. मेल पाठवायचा तर आधी समोरच्या डोमेनची एमएक्स नोंद विचारावी लागते. त्या डोमेनचे मेल कोणता सर्व्हर घेतो हे या नोंदीवरून कळते, आणि मग त्या सर्व्हरचा पत्ता विचारायचा. मेल बाहेरून येत असेल तर चौकशी आणखी लांबते. जोडणी करणाऱ्या आयपीचे नाव काय, त्या नावाचा पत्ता उलट तोच येतो का, पाठवणाऱ्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत हा आयपी आहे का, डीकेआयएम सहीची चावी कुठली, डीमार्कचे धोरण काय सांगते, एखाद्या ब्लॉकलिस्टमध्ये हा आयपी आहे का, हे सगळे प्रश्न डीएनएसलाच जातात. एका मेलमागे दहा-बारा चौकश्या सहज होतात. त्यामुळे नेटवर्कचे डीएनएस बदलले की ऑफिसात सगळ्यांच्या वेबसाइट उघडत असतात आणि मेल मात्र अडलेला असतो.

हे अवलंबित्व सुरुवातीपासून नव्हते. जॉन पोस्टेल यांनी 1982 मध्ये एसएमटीपी हा मेलचा नियमसंच लिहिला तेव्हा डीएनएस अस्तित्वातच नव्हते. नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांची नावे एका फाइलीत असत आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. 1986 मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी मेल पोचवण्यासाठी एमएक्स नोंद कशी वापरायची याचे नियम लिहिले. भारतात ई-मेल आधी आला आणि डीएनएस मागून. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनसीएसटी, फोनच्या लाइनवरून मेलची देवाणघेवाण करत होती. त्या यूयूसीपी पद्धतीत मेल कोणकोणत्या यंत्रांवरून जायचा तो मार्गच पत्त्यात लिहावा लागे, आणि मार्ग बदलला की पत्ताही बदलायचा. 8 मे 1989 रोजी ‘डॉट इन’ हे डोमेन भारताच्या नावे झाले आणि त्याची व्यवस्था एनसीएसटीकडे आली. 2005 पासून ते काम निक्सी ही संस्था पाहते. पत्ता एकदा छापला की तो तसाच राहावा आणि मार्ग मागच्या मागे बदलता यावा, ही सोय एमएक्सने दिली. तिची किंमत म्हणून प्रत्येक मेल डीएनएसच्या दारातून जाऊ लागला.

डीएनएसच्या बदलाला दोन बाजू आहेत आणि दुरुस्तीतला निम्मा गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो. एक बाजू आतली: आपला सर्व्हर जगाची नावे कोणाला विचारतो, म्हणजेच त्याचा रिझॉल्व्हर कोणता. दुसरी बाहेरची: जग आपल्या सर्व्हरला कोणत्या नावाने आणि कोणत्या पत्त्याने ओळखते. आतली बिघडली तर मुख्यतः बाहेर जाणारे मेल थांबतात. बाहेरची बिघडली तर येणारे मेल थांबतात, किंवा गेलेले मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात. इंटरनेटची लाइन बदलली की दोन्ही एकदम हलतात.

उदाहरणादाखल कोकणातल्या महाड तालुक्यातले वीर हे गाव घेऊ. मुंबई–गोवा महामार्ग जवळून जातो आणि पुढे महाडची एमआयडीसी आहे. अशा भागातल्या कारखान्याकडे किंवा संस्थेकडे साधारणपणे एक फायबरची लाइन असते आणि अडीअडचणीला सिमकार्डवर चालणारा राउटर. रस्त्याच्या कडेला जेसीबी लागला किंवा पावसात झाड पडले की फायबर तुटते आणि राउटर आपोआप दुसऱ्या लाइनवर जातो. दहा माणसांच्या ऑफिसने स्वतःचा मेल सर्व्हर बाळगू नये, भाड्याची सेवा घ्यावी, हे खरेच आहे. पण भाड्याची सेवा घेतली तरी आतला एखादा सर्व्हर उरतोच. स्कॅनरचे कागद, यंत्रांचे अलार्म आणि हिशेबाच्या प्रोग्रामची बिले तोच पुढे पाठवत असतो, आणि लाइन बदलल्याचा फटका त्यालाही तसाच बसतो.

लाइन बदलली की राउटर डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कची मांडणी आपोआप वाटण्याच्या पद्धतीने, नव्या कंपनीच्या नेमसर्व्हरचे (नावांच्या चौकशीला उत्तर देणाऱ्या सर्व्हरचे) पत्ते वाटतो. लिनक्सवर हे पत्ते ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ नावाच्या छोट्या फाइलीत जातात. तिच्यात तीनच नेमसर्व्हर धरले जातात, चौथा लिहिला तरी कोणी वाचत नाही. इंटरनेट कंपन्यांचे नेमसर्व्हर बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. म्हणून नव्या लाइनवरून जुन्या कंपनीच्या नेमसर्व्हरला विचारले तर नकार मिळतो किंवा काहीच उत्तर येत नाही. उत्तर न येणे जास्त त्रासाचे. सर्वसाधारण मांडणीत सर्व्हर एका नेमसर्व्हरसाठी पाच सेकंद थांबतो आणि मग पुढच्याला विचारतो. पहिला पत्ता मेलेला आणि दुसरा जिवंत असेल तर काम होते, पण प्रत्येक चौकशीमागे पाच सेकंद जातात. एका मेलमागे दहा चौकश्या धरल्या तर जवळजवळ मिनिट झाले. मेल बंद नसतो, नुसता रखडतो, आणि असा बिघाड कित्येक दिवस कोणाच्या लक्षात येत नाही.

फाइल बरोबर बदलली तरी मेल सर्व्हर ती वाचतोच असे नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे पोस्टफिक्स. वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला हा मेल सर्व्हर 1998 मध्ये बाहेर आला आणि आज जगभर वापरात आहे. सुरक्षिततेसाठी त्याचे बरेचसे भाग एका कोंडलेल्या डिरेक्टरीत चालवता येतात. तिला क्रूट म्हणतात. क्रूटमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला त्या डिरेक्टरीबाहेरचे काही दिसत नाही, रिझॉल्व्ह.कॉन्फही दिसत नाही. म्हणून तिची एक प्रत क्रूटच्या आत ठेवावी लागते. डेबियन आणि उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांमध्ये पोस्टफिक्स सुरू होताना ही प्रत घेतली जाते, त्यानंतर नाही. सकाळी फायबरवर सुरू झालेला सर्व्हर दुपारी सिमच्या लाइनवर गेला की मूळ फाइलीत नवे पत्ते असतात आणि क्रूटमधल्या प्रतीत सकाळचे. त्याच यंत्रावर बसून हाताने डीएनएस तपासले तर उत्तर झटकन मिळते, कारण हाताने चालवलेला प्रोग्राम मूळ फाइल वाचतो. इथेच तपासणारा फसतो. डीएनएस ठीक आहे असे ठरवून तो फायरवॉलच्या मागे लागतो.

खूण लॉगमध्ये असते. पोस्टफिक्स ‘नेम सर्व्हिस एरर’ असे लिहून शेवटी ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ म्हणतो आणि सोबत 4.4.3 हा आकडा देतो. चारने सुरू होणारा आकडा तात्पुरत्या अडचणीचा, त्यात मेल रांगेत थांबतो. ‘ट्राय अगेन’ हे दोन शब्द नसतील आणि आकडा 5.4.4 असेल तर मामला वेगळा आहे. असे नावच जगात नाही असे उत्तर डीएनएसने दिलेले असते आणि मेल पाठवणाऱ्याकडे बाऊन्स होतो. नेमसर्व्हर गप्प बसला तर नुकसान थोडे होते. त्याने ठामपणे खोटे सांगितले तर मेल परत जातो. वायफायवर लॉगिन मागणारे राउटर किंवा ‘सुरक्षित ब्राउझिंग’च्या नावाखाली नावे गाळणारे रिझॉल्व्हर मेल सर्व्हरला लावू नयेत ते यासाठी.

क्रूटमधल्या प्रतीवर तीन उपाय आहेत. लाइन बदलली की प्रत पुन्हा उतरवून पोस्टफिक्स रीलोड करणारी छोटी स्क्रिप्ट नेटवर्कच्या व्यवस्थेला जोडता येते. डेबियनच्या ‘रिझॉल्व्हकॉन्फ’ पॅकेजसाठी पोस्टफिक्सने अशी तयार स्क्रिप्ट दिलेली आहे. क्रूट काढूनही टाकता येतो. पोस्टफिक्सच्या मूळ मांडणीत तिसऱ्या आवृत्तीपासून तो आपोआप लागत नाही. तिसरा उपाय सगळ्यांत टिकाऊ: रिझॉल्व्हर त्याच यंत्रावर बसवायचा आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 127.0.0.1 एवढाच पत्ता लिहून ठेवायचा. मग मूळ फाइल बदलत नाही आणि प्रतही शिळी होत नाही. लाइन कोणतीही असो, मेल सर्व्हर शेजारच्याच प्रोग्रामला विचारतो आणि तो प्रोग्राम थेट मूळ नेमसर्व्हरांपासून उत्तर शोधत येतो. नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्जचा अनबाउंड या कामाला उत्तम आहे. काही लिनक्समध्ये आधीपासून असलेला 127.0.0.53 वरचा मध्यस्थ पत्ता बदलू देत नाही हे खरे, पण तो स्वतः शोध घेत नाही, डीएचसीपीने दिलेल्या नेमसर्व्हरकडेच प्रश्न ढकलतो. त्यामुळे मेल सर्व्हरसाठी तो अपुरा.

तो अपुरा का, हे ब्लॉकलिस्टकडे पाहिले की कळते. स्पॅमहाउससारखी यादी डीएनएसवरूनच विचारली जाते. आयपी यादीत असेल तर 127.0.0.2 सारखे उत्तर येते, नसेल तर ‘नाव नाही’ असे. गुगलच्या 8.8.8.8 सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नांना स्पॅमहाउस खरे उत्तर देत नाही. तिथून 127.255.255.254 हा सूचनेचा पत्ता येतो. मेल सर्व्हरला नुसते ‘उत्तर आले तर मेल नाकार’ असे शिकवलेले असेल तर त्या क्षणापासून जगातला प्रत्येक मेल नाकारला जातो. लाइन अडखळते म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने राउटरमध्ये 8.8.8.8 टाकतो आणि संध्याकाळपर्यंत एकही मेल आत येत नाही. ब्लॉकलिस्टचे नेमके कोणते उत्तर नकाराचे धरायचे ते आकड्यांनिशी लिहिणे हा त्यावरचा पक्का बंदोबस्त, आणि स्वतःचा रिझॉल्व्हर हा मूळ इलाज.

नसलेल्या नावाला खोटे उत्तर देण्याचा सर्वांत मोठा प्रसंग 2003 चा. 15 सप्टेंबरला व्हेरिसाइनने ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट नेट’मधल्या न नोंदलेल्या सगळ्या नावांना आपल्याच एका पत्त्याचे उत्तर द्यायला सुरुवात केली. टंकनात चुकलेल्या माणसाला आपले शोधपान दाखवायचे हा उद्देश. पण पाठवणाऱ्याचे डोमेन खरे आहे का हे पाहून स्पॅम अडवणाऱ्या मेल सर्व्हरांना आता प्रत्येक खोटे डोमेन खरे दिसू लागले. आरडाओरडा झाला आणि 4 ऑक्टोबरला ती सोय बंद करावी लागली. काही इंटरनेट कंपन्यांच्या रिझॉल्व्हरांनीही नसलेल्या नावांना जाहिरातीच्या पानाचा पत्ता देण्याचा उद्योग केलेला आहे. मेल सर्व्हरच्या बाजूने पाहिले तर परक्या रिझॉल्व्हरवर भरवसा न ठेवण्याचे एवढे एक कारण पुरे.

वीज जाऊन-येऊन असणाऱ्या ठिकाणी एक बिघाड हमखास दिसतो. वीज आली की एसएसडीवरचा सर्व्हर अर्ध्या मिनिटात उभा राहतो, फायबरचा डबा आणि राउटर यांना मात्र दोन-तीन मिनिटे लागतात. मेल सर्व्हर सुरू होताना रिझॉल्व्ह.कॉन्फ रिकामी असते आणि क्रूटमध्ये प्रत जाते तीही रिकामीच. नेटवर्क खरोखर लागल्यावरच मेल सर्व्हर सुरू व्हावा असे क्रम ठरवणाऱ्या व्यवस्थेला सांगावे लागते. स्वतःचा रिझॉल्व्हर असेल तर हा त्रास जातो, पण दुसरा एक येऊ शकतो. डीएनएसच्या अनेक उत्तरांवर आता डीएनएससेकच्या सह्या असतात आणि सह्यांना मुदत असते. मदरबोर्डवरचा सेल उतरलेला असेल तर वीज आल्यावर यंत्राचे घड्याळ काही वर्षे मागे जाते, सह्या खोट्या ठरतात आणि नावे सापडेनाशी होतात. वेळ दुरुस्त करायला वेळेचा सर्व्हर हवा, त्याचे नाव शोधायला डीएनएस हवे, आणि डीएनएस वेळेवाचून अडलेले. वेळेच्या एखाद्या सर्व्हरचा आयपी आकड्यांत लिहून ठेवला की हा पेच सुटतो. सेल बदलणे त्याहून स्वस्त.

डीएनएस सुधारल्यावर रांगेतल्या मेलचे काय होते, ही चिंता बहुधा नको. पोस्टफिक्स ठरलेल्या मांडणीत पाच-पाच मिनिटांनी रांग तपासतो. एकेका मेलची पुढची खेप मात्र वाढत्या अंतराने होते, जास्तीत जास्त 4,000 सेकंदांनी, म्हणजे तासाहून थोडे अधिक. घाई असेल तर रांग एका आदेशाने हलवता येते. हजारो मेल साचले असतील तर सगळे एकदम सोडू नयेत, नाहीतर समोरचे सर्व्हर दार लावून घेतात.

ऑफिसातल्या ऑफिसात होणारा एक प्रकार वेगळाच असतो. मेल सर्व्हर इमारतीतच आहे आणि त्याचे नाव आतल्या नेमसर्व्हरवर आतला आयपी दाखवते, बाहेरच्या जगाला सार्वजनिक आयपी. दुसऱ्या लाइनच्या राउटरने कॉम्प्युटरांना थेट कंपनीचे डीएनएस वाटले की आतल्या माणसालाही बाहेरचा पत्ता मिळतो. बाहेर जाऊन पुन्हा आत यायचे हा वळसा पुष्कळ राउटरांना जमत नाही. मग टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मेल उघडत नाही आणि खिशातल्या मोबाइलवर, वायफाय बंद केले की, उघडतो. दोन्ही राउटरांनी आतल्या रिझॉल्व्हरचाच पत्ता वाटावा, एवढीच दुरुस्ती.

बाहेरच्या बाजूला सर्व्हरच्या नावाने चार नोंदी असतात: डोमेनची एमएक्स, त्या सर्व्हरच्या नावाचा पत्ता, एसपीएफ आणि पीटीआर. पहिल्या तीन डोमेनवाल्याच्या हातात असतात. पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद, आयपी ज्याचा त्याच्या हातात, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे. ती लेखी मागावी लागते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल कोणत्याही पाठवणाऱ्याकडून नीट पीटीआर मागतो, शिवाय एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक. दिवसाला 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्याला दोन्ही आणि डीमार्कही लागतो. सिमच्या लाइनवर हे जमण्यासारखे नाही. तिथे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहक वाटून घेतात, बाहेरून आत जोडणी येत नाही, 25 क्रमांकाचे पोर्ट बहुतेकदा बंद असते आणि असे आयपी ब्लॉकलिस्टमध्ये आधीच ‘इथून थेट मेल येऊ नये’ या सदरात नोंदलेले असतात. म्हणून दुसऱ्या लाइनवरून थेट मेल पाठवण्याचा हट्ट धरू नये. डेटा सेंटरमधल्या एखाद्या स्थिर सर्व्हरकडे 587 पोर्टवरून, पासवर्डनिशी, मेल सोपवावा आणि तो त्याने पुढे पाठवावा. मग इकडची लाइन दिवसातून चारदा बदलली तरी जगाला एकच आयपी दिसतो.

आयपी ठरवून कायमचा बदलायचा असेल तर काम सोपे आहे, फक्त क्रम चुकता कामा नये. प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो, म्हणजे जगभरचे रिझॉल्व्हर ती किती सेकंद लक्षात ठेवतील तो काळ. तो 86,400 असेल तर एक दिवस. बदलाच्या आदल्या दिवशीच, तेही पूर्ण चोवीस तास आधी, तो 300 वर आणायचा. बदलाच्या दिवशी उतरवून उपयोग नाही, कारण जुना टीटीएल जुन्या नोंदीबरोबर आधीच जगभर गेलेला असतो. नवा आयपी एसपीएफमध्ये आधीच घालून ठेवायचा, नवी पीटीआर लावून घ्यायची, मग पत्ता बदलायचा. जुना सर्व्हर किंवा जुनी लाइन लगेच बंद करायची नाही. ‘डीएनएस पसरायला 48 तास लागतात’ हे वाक्य दुकानदारी आहे. जुन्या टीटीएलइतकाच वेळ लागतो आणि तो आधी मोजता येतो. एमएक्स नोंदीने सीनेम नोंदीकडे, म्हणजे एका नावाला दुसरे नाव जोडणाऱ्या नोंदीकडे, बोट दाखवायचे नाही आणि एसपीएफ तपासताना दहाहून जास्त चौकश्या पडता कामा नयेत, हे दोन नियम घाईत मोडतात. मोडले तर काही सर्व्हर मेल घेतात, काही घेत नाहीत, आणि दोष कुठे आहे ते शोधायला आठवडा जातो.

राहिला प्रश्न सगळेच बंद पडण्याचा. 22 जुलै 2021 रोजी सावित्री नदीच्या पुराने महाड पाण्याखाली गेले तेव्हा वीजपुरवठा आणि मोबाइलचा संपर्क तुटला होता. अशा वेळी सर्व्हर दोन-तीन दिवस बंद राहिला तरी येणारे मेल हरवत नाहीत. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत असे एसएमटीपीचा नियम सांगतो. पोस्टफिक्स पाच दिवस ठेवतो. घराला कुलूप दिसले तर पोस्टमन उद्या पुन्हा येतो. त्या नावाचे गावच नाही असे त्याला सांगितले तर मात्र पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. म्हणून सर्व्हर गावात ठेवला तरी डोमेनचे नेमसर्व्हर गावात ठेवू नयेत. ते एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या नेटवर्कवर असावेत असे 1997 च्या आरएफसी 2182 या इंटरनेटविषयक दस्तऐवजातच सांगितलेले आहे. डोमेनचे नूतनीकरण आणि नेमसर्व्हरचा पासवर्ड ज्या ई-मेलवर येतो तो पत्ताही त्याच डोमेनवर नसावा, नाहीतर सर्व्हर बंद असताना नोंद बदलायला लागणारा ओटीपी त्या बंद सर्व्हरवरच येऊन थांबतो.

पूर्वी अशा दिवसांसाठी दुसरी एमएक्स नोंद ठेवून दुसऱ्या सर्व्हरवर मेल साठवत. आता ते क्वचितच करावे. दुसऱ्या सर्व्हरकडे पत्त्यांची यादी आणि स्पॅमची चाळणी पहिल्याइतकी ताजी नसली तर स्पॅमवाले मुद्दाम तिथूनच शिरतात, आणि मुख्य सर्व्हर परत आला की दुसरा सर्व्हर साठलेला सगळा कचरा त्याच्यावर ओततो. पाठवणाऱ्यांच्या रांगा हेच काम फुकट आणि जास्त नीट करतात. पाच दिवसांहून लांब खंड पडणार असे दिसले तर एमएक्स तात्पुरती भाड्याच्या सेवेकडे वळवावी. त्या सेवेवर खाती आधी उघडलेली असली, एसपीएफ आणि डीकेआयएममध्ये तिची नोंद आधी घातलेली असली आणि टीटीएल लहान असला तर हे काम मोबाइलवरून, जिथे रेंज मिळेल तिथून, पाच-दहा मिनिटांत होते.